तलावाचा ताळेबंद कोण मांडणार?



दिवाळीच्या सुमारास महानच्या धरणावर उभे राहिले म्हणजे डोळे निवतात. काटेपूर्णेचे पाणी दूरवर पसरलेले असते. मागे अभयारण्याची झाडी. अकोल्याहून आलेली पोरे फोटो काढत असतात, भोयांच्या डोंग्या जाळी टाकत फिरत असतात. त्याच वेळी धरणाखालच्या गावात पारावर एकच चर्चा चाललेली असते, यंदा हरभऱ्याला पाळी मिळणार का, आणि मिळाली तर किती? खाली खारपाणपट्ट्यातल्या गावात घरची बाई विचारत असते, नळ कोणत्या दिवशी येणार? अकोल्याच्या वस्तीतही तोच प्रश्न. पाणी एकच, विचारणारे चौघे. चौघांनाही उत्तर माहीत नसते, कारण ते ज्या बैठकीत ठरते तिथे यांच्यापैकी कोणाला खुर्ची नसते.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हाच विषय ठेवत आहोत. आपल्या तलावांचा आणि धरणांचा कारभार कोण करतो, कोणासाठी करतो आणि त्याचा हिशेब कोणाला देतो?

कोणी म्हणेल, आपण कोरडवाहू शेतकरी. आपली पऱ्हाटी आणि ज्वारी आभाळाकडे पाहून उभी असते. आपल्या वावरात कॅनॉल कधी आला नाही आणि नातवाच्या काळातही येईल असे वाटत नाही. मग धरणाच्या पाण्याची उठाठेव आपण कशाला करायची? आम्हाला वाटते, हिशेब मागण्याचा पहिला हक्क कोरडवाहू शेतकऱ्याचाच आहे. सिंचनाच्या अनुशेषाचे रडगाणे आपण १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ऐकत आलो. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम ही नावे त्या यादीतून निघता निघाली नाहीत. ही धरणे बांधली गेली ती आपल्या नावाने, कोरडवाहूचे ओलीत करायचे म्हणून. लग्नात नवरदेव आपण आणि जेवणावळ दुसऱ्याची, असे झाले असेल तर विचारायला नको का?

आधी आकडे पाहू. काटेपूर्णा धरणाचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर, कागदावर ‘दलघमी’ लिहितात तो. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. शहरातल्या माणसाला यातून काही कळत नाही, म्हणून आपल्या मापाने सांगतो. एका हेक्टरला तीन इंच पाणी द्यायचे तर साडेसातशे घनमीटर लागते. कॅनॉलमध्ये निम्मे पाणी झिरपून आणि चोरीला जाऊन संपले असे धरले, तरी एका दलघमीत सुमारे साडेसहाशे हेक्टर हरभऱ्याला एक पाळी होते. पुढे कोणत्याही कागदावर दलघमी दिसले की मनात हा गुणाकार करा.

आता अमरावती जिल्ह्याकडे चला. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. उपयुक्त साठा सुमारे ५६४ दलघमी. अमरावती शहर याच पाण्यावर जगते. नियोजन होते सुमारे ७५ हजार हेक्टर ओलिताचे. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातला मोठा वाटा सिंचनाचा होता. आणि २००८ च्या सुमारास, मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीने याच धरणातले वर्षाला ८७.६ दलघमी पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देऊन टाकले. आकडा पुन्हा वाचा. काटेपूर्णेचे पूर्ण भरलेले धरण ८६.३५, आणि एका कारखान्याला दिलेले पाणी ८७.६! एक अख्खे धरण बैठकीतल्या टेबलावरून इकडचे तिकडे झाले. ज्यांच्या ओलिताला कात्री लागणार होती त्या गावांत ना दवंडी पिटली गेली, ना ग्रामसभा झाली.

हे त्या वेळी बेकायदा होते असेही नाही, हे त्यातले खरे दुखणे. २००३ च्या राज्य जलनीतीने पाणीवाटपाचा क्रमच तसा लावला होता. पहिले पिण्याला, दुसरे उद्योगाला, तिसरे शेतीला. अमरावतीत लोक रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०११ साली सरकारने क्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून समितीने आधी केलेल्या वाटपांना संरक्षणही दिले. उष्ट्या पत्रावळीवर बसवून पंगतीत मान वाढवला म्हणायचे, तसला हा प्रकार.

वीज नको, कारखाना नको, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या पोरांनाही नोकऱ्या हव्यात आणि विहिरीवरच्या मोटारीलाही वीज हवी. पण त्याच विदर्भात नागपूरजवळ कोराडीचे वीज केंद्र शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरते. भांडेवाडीच्या केंद्रातून दिवसाला १३० दशलक्ष लिटर पाणी त्यासाठी घेण्याची सोय झाली. कोराडीला जमते ते अमरावतीत पहिल्या दिवशीच का सुचू नये? उत्तर सोपे आहे. धरणाचे निर्मळ पाणी मागितले की मिळते, आणि ज्याच्या तोंडचे काढायचे तो त्या खोलीत नसतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूची काटकसर कोणी करत नाही.

आता अकोल्याकडे परत येऊ, कारण इथला वाद जास्त अवघड आहे. इथे समोर कारखाना नाही, तहानलेला माणूस आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत नऊशेच्या जवळपास गावे. विहीर खणावी तर खारे पाणी, बोअर मारावा तर अधिक खारे. ते पाणी पिऊन मूत्रपिंडाची दुखणी घेऊन बसलेली माणसे घरोघर आहेत. या गावांना गोड पाणी द्यायचे म्हणजे ते धरणातूनच आले पाहिजे. खांबोऱ्याची ६४ गावांची योजना काटेपूर्णेवर, ८४ गावांची योजना सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणावर. वानचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दलघमी. त्यातून अकोला शहरासाठी २४ दलघमी राखून ठेवण्याचे ठरले, बाळापूर तालुक्यातली ६९ गावे त्यावर जोडायचे ठरले, आणि तेल्हारा-अकोटचा शेतकरी उठला. त्याचे म्हणणे, आमच्या जमिनी गेल्या, आमच्या ओलितासाठी म्हणून धरण झाले, आता सगळे पाइपात घालून नेता? त्यावर २०२२ मध्ये ६९ गावांच्या योजनेला स्थगिती आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारे पाणी टँकरमध्ये भरून बाळापूरकडची माणसे भर उन्हात अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाली.

भावांनो, या भांडणात कोणती बाजू घ्यायची? तेल्हाऱ्याचा शेतकरी आपला आणि बाळापूरचा खारे पाणी पिणारा शेतकरीही आपलाच. एकाचे पीक, दुसऱ्याचे मूत्रपिंड. दोघेही खरे बोलत होते. तरी एकमेकांच्या अंगावर गेले, कारण दोघांच्या हाती एकसारखा हिशेब नव्हता. वानमध्ये १५ ऑक्टोबरला किती पाणी असते, उन्हात किती उडून जाते, कॅनॉलमध्ये किती गळते, शहराच्या जुन्या नळांतून किती वाया जाते, हे सारे एका कागदावर दोघांसमोर मांडले असते, तर भांडण पाण्यावरून झाले असते पण गळतीशी झाले असते. हिशेब झाकून ठेवला की शेतकऱ्याचे शेतकऱ्याशी जुंपते आणि हिशेब ठेवणारा नामानिराळा राहतो.

झाकलेल्या हिशेबाचा फटका कसा बसतो ते २०१७-१८ साली काटेपूर्णेवर सगळ्यांनी पाहिले. पाऊस कमी झाला, धरण भरले नाही, होते ते पाणी शहरासाठी राखले गेले. रब्बीला ओलीत मिळाले नाही, तरी अकोल्याच्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी. पिण्याचे पाणी आधी, याला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. आमची तक्रार वेगळी आहे. पाणी मिळणार नाही हे जर ऑक्टोबरमध्ये कळत असेल, तर गव्हाचे बियाणे घेण्याआधी शेतकऱ्याला सांगा. तो कमी पाण्याचा हरभरा पेरील, करडई पेरील, नाहीतर रान पडीक ठेवील. बियाणे-खत मातीत गेल्यावर ‘यंदा पाळी नाही’ असे सांगणे म्हणजे खिसा कापणे आहे.

आता तलावाच्या दुसऱ्या उपयोगांकडे वळू. आपल्या सभांमध्ये याची टिंगल होते. ‘शहरवाल्यांना बोटीत बसायला पाणी आहे, आम्हाला नाही,’ असे आम्हीही भाषणात म्हटले आहे. पण थोडा विचार करा. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव इंग्रजी अमदानीत शहराला पाणी मिळावे म्हणून झाले. आज शहर सिंभोऱ्याचे पाणी पिते आणि या तलावांवर बाग आहे, रविवारची गर्दी आहे. शेतकऱ्याच्या पोरालाही बोटीत बसावेसे वाटते, त्यात काही पाप नाही. फिरायला येणाऱ्यांमुळे काठच्या गावात चार चहाच्या टपऱ्या चालत असतील, भाकरी-पिठल्याचे दोन पैसे बाईच्या हाती पडत असतील, तर तेही तलावाचे पीकच आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून पाखरे येतात आणि ती पाहायला माणसे येतात. तलावात मासे आहेत, त्यावर भोयांची चूल पेटते. काठावरच्या विहिरींना तलावाचा पाझर आहे. हे सगळे पाणी न उपसता मिळणारे उत्पन्न आहे. म्हणून तळाचे काही पाणी मासे, पाखरे आणि विहिरींसाठी राहिलेच पाहिजे. तो हिस्सा हिशेबात आधीच लिहिलेला असला की मग कोणी कोणाची टिंगल करणार नाही.

मात्र या उत्पन्नाचा धनी कोण, हे विचारावेच लागेल. मासेमारीचा ठेका कागदावर सहकारी संस्थेचा असतो आणि अनेक तलावांवर प्रत्यक्षात बाहेरचा ठेकेदार मासा उचलतो, भोई त्याच्याकडे मजुरी करतो. सुशोभीकरणाचा निधी येतो, त्यातून फरशा बसतात, दिवे लागतात, आणि गाळ तसाच राहतो. उथळ झालेल्या तलावाभोवती फरशा घालणे म्हणजे रिकाम्या कणगीला रंग देणे.

एका तलावाला अनेक मालक असले म्हणजे काय होते, हे पाहायला बुलडाणा जिल्ह्यात लोणारला जावे. उल्कापाताने झालेले हे खारे सरोवर. याच्या पाण्याने ओलीत होत नाही. पण एके काळी त्याच्या खारावर साबण आणि काच होत असे आणि त्यातून सरकारला महसूल मिळे, अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आज ते जगातल्या अभ्यासकांचे ठिकाण आहे. २०२० साली त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. तरीही सरोवर वन खात्याकडे, देवळे पुरातत्त्व खात्याकडे, गाव नगर परिषदेकडे, पर्यटन आणखी कोणाकडे. गावचे सांडपाणी सरोवरात उतरते, हा प्रश्न सुटावा म्हणून लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. सहा खात्यांचा तलाव म्हणजे बिनवारसाचा तलाव.

मग सगळे एका सरकारी खात्याच्या हाती दिले की सुटेल? पूर्व विदर्भाचा अनुभव ऐका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे हजारो मामा तलाव आहेत. मालगुजारांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी ते बांधले, गाव त्यांची डागडुजी करी, गाळ शेतात टाकी. मालगुजारी भल्याची होती असे आम्ही म्हणणार नाही, तिचा जाच रयतेने सोसला आहे. पण १९५०-५१ मध्ये ती गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, आणि ‘आता सरकारचा तलाव, सरकारच पाहील’ म्हणून गावाने हात काढून घेतला. सरकारने पाहिले नाही. गाळ साचला, पाळी फुटल्या, काठाने अतिक्रमणे झाली. १९७२ च्या दुष्काळापासून आपल्याकडे झालेल्या पाझर तलावांची गत याहून वेगळी नाही. मजुरी वाटून झाली, तलाव झाला, आणि मग त्याला कोणी वाली उरला नाही.

सामाईक पाणी किंवा कुरण वापरणारी माणसे स्वतः नियम करून ते पिढ्यानपिढ्या नीट राखू शकतात, हे जगभरची उदाहरणे तपासून दाखवणाऱ्या एलिनोर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आजोबांना हे नोबेलशिवाय माहीत होते. गावच्या गोठाणाचा आणि पांदणीचा कारभार ते याच रीतीने करत. यासाठी कायदाही आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार आपण किती ठिकाणी वापरला, हे आपणच आपल्याला विचारावे.

कोरडवाहू शेतकऱ्याला तलावातून ताबडतोब काय मिळू शकते? पहिली गोष्ट म्हणजे गाळ. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. एकरी चारशे घनमीटर म्हणजे ट्रॅक्टरच्या सव्वाशे-दीडशे ट्रॉल्या. मुरमाड, बरड, हलक्या वावरात हा गाळ पडला तर ओल आठ-पंधरा दिवस जास्त टिकते, आणि पऱ्हाटीला बोंडे धरण्याच्या वेळी पावसाचा खंड पडला तर तेवढ्या दिवसांवरच पीक तरते. पण भारी काळ्या रानात, खारपाणपट्ट्यातल्या निचरा नसलेल्या जमिनीत गाळ टाकू नका, ती आणखी चिबड होईल. आणि तलावाचा मूळ तळ लागला की थांबा. खाली मुरूम फोडला तर तलाव पाणी धरत नाही. बुलडाण्याला रस्त्यांच्या कामासाठी तलावांतली माती-मुरूम काढून नेण्याची पद्धत निघाली, तिचे कौतुकही झाले. चांगली आहे. पण किती खोल न्यायचे हे मोजायला गावचा माणूस उभा पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळपेर. धरण ओसरले की उघडी पडणारी जमीन हंगामापुरती कसायला देतात. तिच्यावर पहिला हक्क ज्याची जमीन धरणात बुडाली त्याचा आहे. २०१८ च्या दुष्काळात अशी जमीन चाऱ्यासाठी नाममात्र भाड्याने देण्याचा निर्णय झाला होता. जनावरे विकण्याची पाळी आलेल्या शेतकऱ्याला तेवढा मका आणि ज्वारीची वैरणही मोठा आधार असते. यादी कोणाची लागते, ती मात्र चावडीवर लागली पाहिजे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. धरणात चोरून मोटारी टाकणारे कोण आहेत? कॅनॉल फोडून शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी अडवणारा कोण आहे? पाणीपट्टी बुडवायची आणि पाटचारी साफ होत नाही म्हणून ओरडायचे, ही कोणाची सवय आहे? शहराला आणि कारखान्याला हिशेब मागायचा तर आपला हिशेब आधी चोख पाहिजे. पोत्याला भोक ठेवून धान्य मोजायला बसू नये.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही पाच ठराव ठेवत आहोत.

एक. प्रत्येक धरणाचा आणि तलावाचा १५ ऑक्टोबरचा ताळेबंद प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. जमा किती, उन्हात जाणारे किती, पिण्याला, शेतीला, उद्योगाला किती, मासे आणि पाखरांसाठी तळाशी किती. रब्बीची पेरणी होण्याआधी लागावा.

दोन. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कॅनॉलच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, खारपाणपट्ट्यातल्या गावाचा माणूस, धरणग्रस्त आणि भोई या चौघांना जागा असावी, आणि बैठकीचे इतिवृत्त गावात वाचून दाखवावे.

तीन. शेतीच्या वाट्याचे पाणी दुसऱ्याला द्यायचे असेल तर आधी ग्रामसभांना विचारावे. जो उद्योग धरणाचे पाणी मागेल त्याने आधी शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरून दाखवावे, आणि महापालिकेने आपली गळती किती ते जाहीर करावे.

चार. बोटी, वाहनतळ, मासेमारी यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा काठच्या ग्रामपंचायतींना मिळावा आणि त्यातला पहिला खर्च गाळ काढण्यावर व्हावा. तलावात उतरणारे गटार आधी बंद, फरशा नंतर.

पाच. आपल्या प्रत्येक गावशाखेने आपल्या शिवारातल्या एका पाझर तलावाची जबाबदारी घ्यावी. त्याची लांबी-रुंदी मोजावी, गाळ किती ते काठी टाकून पाहावे, गाळ कोणाच्या वावरात जाईल याची यादी उन्हाळ्याआधी करावी.

पहिल्या चार ठरावांसाठी सरकारशी भांडावे लागेल. पाचव्यासाठी कोणाची परवानगी मागण्याआधी एक दोरी, एक काठी आणि एक वही एवढेच पुरे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या. ज्या गावाची वही येईल त्या गावाला बोलण्याची पहिली पाळी.